रंगीत लेबलचा रोल घरीच छापायचा? आधी एका लेबलचा हिशेब मांडा

बारा प्रकारचे मसाले आणि प्रत्येकाची महिन्याला जेमतेम चाळीस पाकिटे. घरगुती उद्योगाचे हे चित्र कुठल्याही तालुक्यात दिसेल. माल चांगला असतो, गिऱ्हाईकही बांधलेले असते. गाडी अडते ती लेबलपाशी. छापखाना एका नमुन्याची निदान हजार लेबले घ्या म्हणतो. मग कुणीतरी सांगते, ‘रंगीत लेबलचा प्रिंटर घ्या, घरीच छापा, हवी तेवढीच छापा.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. प्रिंटरची किंमत सगळेच विचारतात. एक लेबल छापून पाकिटावर चिकटेपर्यंत किती पैसे पडतात, हे मात्र खरेदीनंतर कळते.

छापखान्याचे लेबल खरेच स्वस्त असते?

समजा, छापखान्यात एक लेबल २ रुपयांना पडते. (या लेखातले दर हिशेब समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या गावचे दर घालून तोच हिशेब पुन्हा करा.) गोडा मसाल्याची १,००० लेबले घेतली, २,००० रुपये दिले. महिन्याला ४० या वेगाने आठ महिन्यांत ३२० संपली. तेवढ्यात खोबरे महागले आणि पाकिटाची किंमत वाढवावी लागली. उरलेली ६८० लेबले रद्दीत गेली. म्हणजे २ रुपयांचे लेबल प्रत्यक्षात ६ रुपये २५ पैशांना पडले.

जुन्या किमतीवर नवे छोटे स्टिकर चिकटवून भागवू, असे अनेकांना वाटते. इथे कायदा आडवा येतो. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार लेबलवरची सक्तीची माहिती बदलण्यासाठी वेगळे स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर तशी मुभा आहे, पण तेव्हाही मूळ किंमत झाकायची नाही. किंमत वाढवायची तर लेबलच नवे लागते.

प्रकार अनेक, नग थोडे आणि मजकूर सारखा बदलणारा, अशा उद्योगाला हवी तेवढीच छपाई सोयीची वाटते ती यामुळे.

रोलवर छापणारा रंगीत प्रिंटर वेगळा कसा?

दुकानात बिलाची पट्टी काढणारा प्रिंटर थर्मल असतो. उष्णतेने कागद काळा होतो, शाई लागतच नाही. पण त्याचे लेबल उन्हात, उष्णतेत आणि तेलाच्या हातांनी बिघडते. लोणच्याच्या बरणीवर ते टिकणार नाही. दुसरा प्रकार थर्मल ट्रान्सफर. यात रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उतरते. छपाई टिकाऊ असते, पण एका रिबनमध्ये एकच रंग मिळतो.

रंगीत रोल प्रिंटर हा मुळात इंकजेट. घरच्या इंकजेटचाच भाऊ, फक्त सुट्या कागदाऐवजी लेबलांचा रोल ओढणारा. प्रत्येक लेबल कुठे सुरू होते ते सेन्सरने ओळखतो आणि छापून झाल्यावर कापूनही देऊ शकतो. आपल्याकडच्या छोट्या उद्योगांना सुमारे चार इंच रुंदीचे प्रिंटर पुरतात. त्यांच्या किमती साधारण लाखाच्या घरात जातात.

यात शाई कोणती, हा पहिला प्रश्न. एप्सनच्या कलरवर्क्स सी३५०० मध्ये चार रंगांची चार वेगळी कार्ट्रिज असतात आणि शाई पिगमेंट प्रकारची. प्रायमेराच्या एलएक्स५०० मध्ये तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये आणि शाई डाय प्रकारची. डाय शाई विरघळलेली असते, त्यामुळे रंग चमकदार दिसतात, पण पाणी आणि ऊन यांच्यापुढे ती कमजोर पडते. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते लेबलवर बसतात आणि अधिक टिकतात. एकत्र कार्ट्रिजमध्ये आणखी एक गोम आहे. मिरची मसाल्याची लाल-पिवळी लेबले छापून पिवळा संपला, की निळा शिल्लक असला तरी सगळे कार्ट्रिज बदलावे लागते.

जाता जाता एक इशारा. छापखान्यातली ‘डाय’ म्हणजे लेबल कापण्याचा साचा, शाईतली ‘डाय’ म्हणजे हा विरघळणारा रंग. कोटेशनमध्ये दोन्ही शब्द एकाच पानावर येतात आणि गोंधळ होतो.

मग घरी छापलेले लेबल पडते केवढ्याला?

१०० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच लेबल घेऊ. दोन लेबलांमधली फट ३ मिमी, म्हणजे एका लेबलला रोलचे ५३ मिमी लागतात. ३० मीटरच्या रोलमध्ये ५६६ लेबले बसतात. रोल चढवताना, जागेवर आणताना पंधरा-सोळा वाया जातात असे धरा. हाती ५५०. रोल ९०० रुपयांचा असेल तर नुसते कोरे लेबल १ रुपया ६४ पैशांना पडले.

त्यावर शाई १ रुपया धरू. हेडच्या साफसफाईत जाणारी शाई आणि टाकाऊ शाई जमा होते ती पेटी, हे मिळून ३० पैसे. ही पेटी भरली की प्रिंटर थांबतो आणि ती बदलावी लागते. अनेकांना ती आहे हेच पहिल्यांदा तेव्हा कळते, आणि ते बहुधा ऐन दिवाळीच्या आठवड्यात.

आता प्रिंटर. १,२०,००० रुपयांचा प्रिंटर चार वर्षे चालवायचा, तर वर्षाचे ३०,००० रुपये. आपल्या मसालेवाल्या उद्योगाची वर्षाची लेबले साधारण ६,०००. म्हणजे प्रत्येक लेबलवर प्रिंटरचे ५ रुपये! सगळे मिळून एक लेबल जवळपास ८ रुपयांना गेले. पाकीट ६० रुपयांचे असेल, तर त्यातला आठवा हिस्सा लेबलच खाणार.

हाच प्रिंटर वर्षाला २४,००० लेबले छापत असेल, तर प्रिंटरचा वाटा १ रुपया २५ पैशांवर येतो आणि लेबल ४ रुपये २० पैशांच्या आसपास बसते. प्रिंटर, शाई, रोल सगळे तेच. फरक फक्त नगांचा.

म्हणून विक्रेता ‘एका लेबलचा खर्च दीड रुपया’ म्हणाला, तर त्यात रोल धरला आहे का, प्रिंटर धरला आहे का, आणि कोणत्या डिझाइनवर हा आकडा काढला, हे तिन्ही विचारा. लेबलचा किती भाग रंगाने भरलेला आहे यावर शाईचा खर्च ठरतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर नाव आणि छोटे चित्र असलेले लेबल आणि काठोकाठ गर्द लाल भरलेले लेबल यांच्या शाईत कित्येक पटींचा फरक पडतो.

जीएसटीही पाहा. प्रिंटरवर १८ टक्के कर आहे. तुमची जीएसटी नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल, तर तो कर परत मिळत नाही, खर्चातच जातो. कोटेशनमधली किंमत करासह आहे की कराशिवाय, एवढ्या एका ओळीने वीस हजारांचा फरक पडू शकतो.

६,००० लेबलवाल्याने काय करायचे?

माझे मत विचाराल तर त्याने रंगीत प्रिंटर एकट्याने घेऊ नये.

त्याच्यासाठी मधला मार्ग आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही, कारण त्यात विक्रेत्याचा लाख रुपयांचा प्रिंटर खपत नाही. लेबलचा रंगीत भाग सगळ्या मसाल्यांना सारखाच ठेवायचा. उद्योगाचे नाव, बोधचिन्ह, पत्ता, ग्राहक तक्रारीचा फोन, शाकाहाराची हिरवी खूण. एवढे छापखान्यातून रोलवर एकदम छापून घ्यायचे, पाच-सहा हजारांचा एकच नमुना. मधला भाग कोरा सोडायचा. त्या कोऱ्या जागेत पदार्थाचे नाव, घटक, वजन, किंमत, बॅच आणि तारीख थर्मल ट्रान्सफर प्रिंटरने काळ्या अक्षरात घरी छापायचे.

असा प्रिंटर दहा-पंधरा हजारांपासून मिळतो. १५,००० रुपये चार वर्षांत वाटले, तर ६,००० लेबलांच्या हिशेबाने लेबलमागे सुमारे ६३ पैसे येतात. छापील रोलचे २ रुपये आणि रिबनचे २० पैसे धरले, तरी लेबल ३ रुपयांच्या आत राहते. किंमत वाढली तर रोल वाया जात नाही, कारण किंमत त्यावर छापलेलीच नसते. रिबन मात्र साध्या मेणाची घेऊ नका. तेलकट मालाला मेण-रेझिनची मिश्र रिबन लागते, नाहीतर बोट फिरवले की अक्षरे पुसतात.

दुसरा मार्ग वाटून घेण्याचा. चार गटांनी मिळून एक रंगीत प्रिंटर घेतला, तर ६,००० चे २४,००० होतात. ‘उमेद’च्या ग्रामसंघात किंवा प्रभागसंघात हे जमण्यासारखे आहे. पण प्रिंटर चालवणारी व्यक्ती एकच असावी आणि प्रत्येक गटाकडून लेबलमागे ठरलेले पैसे रोख घ्यावेत. शाई कुणी भरायची या वादात पडून राहिलेला प्रिंटर चालत्या प्रिंटरपेक्षा लवकर बिघडतो. तो कसा, ते पुढे येतेच.

अगदी सुरुवातीला ए-फोर आकाराचे स्टिकर कागद आणि रंगीत लेझर प्रिंट काढून देणारे दुकान एवढ्यावरही काम भागते. पन्नास-शंभर लेबलांसाठी याहून स्वस्त काही नाही. हाताने सोलून चिकटवायचा कंटाळा येऊ लागला, म्हणजे रोलची वेळ झाली असे समजावे.

रोल घेताना फसगत कुठे होते?

रंगीत प्रिंटर घ्यायचे ठरले, तर पुढचा सगळा खर्च रोलभोवती फिरतो. बारकोडच्या दुकानात मिळणारा स्वस्त क्रोमो रोल दिसायला तसाच पांढरा, तसाच गुळगुळीत असतो. इंकजेटमध्ये घातला की शाई मुरत नाही आणि बोट लागताच रंग पसरतो. इंकजेटसाठी वरून खास थर दिलेला रोलच लागतो. मागताना ‘इंकजेट कोटेड’ हे शब्द बिलावरही लिहून घ्या.

कोरड्या पाकिटाला मॅट कागद पुरतो आणि तो सर्वांत स्वस्त. बरणी फ्रिजमध्ये जाणार असेल, सरबताची बाटली असेल किंवा लोणचे असेल, तर प्लॅस्टिकचे म्हणजे पीपी लेबल घ्यावे. कागदी लेबल ओले झाले की सुरकुतते आणि तेल पिते. कोकम आगळाच्या अरुंद गोल बाटलीवर जाड लेबलच्या कडा दोन दिवसांत उचलल्या जातात. तिथे लवचिक लेबल आणि पक्का गोंद दोन्ही लागतात. लेबल लावताना बाटली कोरडी आणि साध्या तापमानाला असली पाहिजे. फ्रिजमधून काढून घाम आलेल्या बाटलीवर कुठलाच गोंद धरत नाही.

पैसे वाचवण्याची खरी जागा म्हणजे माप. हवे ते माप सांगितले की रोलवाला नवी डाय बनवायला सांगतो आणि तिचे पैसे लावतो. त्याऐवजी त्याच्याकडे तयार असलेल्या डायची यादी मागा आणि त्यातल्या एका मापात आपले डिझाइन बसवा. शंभर, दोनशे आणि पाचशे ग्रॅमला एकच लेबल चालवता आले, तर तीनऐवजी एकाच मापाचा रोल घरात राहतो. रोलच्या आतल्या नळीचा व्यास आणि रोलची बाहेरची जाडी प्रिंटरच्या माहितीपत्रकाशी जुळवूनच ऑर्डर द्या. प्रिंटरमध्ये न बसणारा स्वस्त रोल म्हणजे घरबसल्या रोल उलगडून पुन्हा गुंडाळण्याचा उद्योग.

प्रिंटर ठेवायचा कुठे, बंद कसा करायचा?

मिरची कांडप जिथे होते त्या खोलीत तर नाहीच. मसाल्याची धूळ हेडवर आणि सेन्सरवर बसते आणि छपाईत पांढऱ्या रेघा दिसू लागतात. कोकणात पावसाळ्यात उघडा रोल दमट होऊन वाकतो. तो पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलटे, शाई लवकर सुकते.

सर्वांत महाग सवय म्हणजे संध्याकाळी भिंतीवरचे बटण दाबून सगळे बंद करणे. इंकजेटचे हेड काम संपल्यावर आपल्या जागी जाऊन झाकण लावून बसते. प्रिंटरवरच्या बटणाने बंद केले तर हे नीट होते. वीज अचानक गेली किंवा भिंतीवरून तोडली, तर हेड उघडेच राहू शकते आणि त्याची छिद्रे सुकतात. मग साफसफाईची आज्ञा द्यावी लागते आणि ती शाई खाते. तीन-चार साफसफाया म्हणजे काही लेबले न छापताच गेली. भारनियमनाच्या गावात छोटा यूपीएस चैनीचा नाही.

त्याच कारणाने पडून असलेला प्रिंटर बिघडतो. माल नसला तरी आठवड्यातून एकदा दोन-चार रंगीत लेबले काढावीत. दर दोन दिवसांनी पाच-पाच छापण्यापेक्षा आठवड्याची एकदम छापणे बरे, पण महिना-महिना हात न लावणे सर्वांत वाईट.

स्वस्त पर्यायी शाईचा मोह सगळ्यांनाच होतो. ती चालतेही, कधी कधी बराच काळ. पण हेड तुंबले तर वॉरंटीचा वाद होतो आणि हेडचा खर्च वाचवलेल्या शाईपेक्षा मोठा निघतो. निदान वॉरंटी संपेपर्यंत मूळ शाई वापरावी. आणि परदेशातून आणलेला स्वस्त प्रिंटर घेण्याआधी इथे मिळणारे कार्ट्रिज त्यात चालते का, हे डोळ्यांसमोर लावून बघा. अनेक कंपन्यांची कार्ट्रिज प्रदेशानुसार वेगळी असतात.

डिझाइनमध्ये काय सांभाळायचे?

पहिली अडचण मराठीची. डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर तुमच्या संगणकावर ‘लोणचे’ च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. फाइल युनिकोडमध्ये मागा. निदान न बदलणारा भाग पीडीएफमध्ये, अक्षरांच्या आकृत्या करून मागा. स्वतः करायचे असेल तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर युनिकोड मराठी नीट हाताळते. जोडाक्षरे फार बारीक छापली की आतल्या जागा शाईने भरून जातात, म्हणून घटकांची यादी पातळ वळणाच्या फॉन्टमध्ये ठेवावी.

काठोकाठ रंग भरू नका. रोलवर लेबल एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे सरकतेच. रंग काठापर्यंत असेल तर एका बाजूला पांढरी रेघ दिसते. चहूबाजूंनी पांढरी किनार सोडली तर हेच सरकणे कुणाच्या लक्षातही येत नाही, शिवाय शाई वाचते. अक्षरे कडेपासून निदान दोन मिलिमीटर आत.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडला नाही, तर चांगला रोलही वाईट दिसतो. मॅटला ग्लॉसी निवडले की शाई जास्त पडते आणि ओली राहते. फट ओळखणारा सेन्सर पारदर्शक लेबलवर चुकू शकतो. त्यासाठी मागे काळी खूण असलेला रोल घ्यावा आणि ड्रायव्हरमध्येही ‘ब्लॅक मार्क’ निवडावे.

बारकोड छापायचा असेल तर पट्ट्या काळ्या आणि मागची जागा पांढरी. लाल पट्ट्या सुंदर दिसतात, पण लाल प्रकाशाच्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत. नेहमीच्या तेरा अंकी बारकोडचे मूळ माप सुमारे ३७ बाय २६ मिमी आहे. तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे सुंदर छापलेले सगळे लेबल बाद ठरू शकते. अन्नपदार्थाच्या लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. इतर भाषा सोबत चालतात. म्हणजे लेबल फक्त मराठीत असेल, तर लिपी तीच असूनही ते पुरेसे नाही. ‘साहित्य’, ‘वजन’ मराठीत जरूर लिहा, शेजारी इंग्रजी हवे. एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक, बॅच, बनवल्याची आणि वापराच्या मुदतीची तारीख, सर्व करांसह किंमत आणि एका ग्रॅमची किंमत यांना जागा आधी मोजून ठेवा, चित्र नंतर. ६० रुपयांच्या १०० ग्रॅम पाकिटावर प्रति ग्रॅम ६० पैसे असेही छापावे लागते. शाकाहाराची खूण हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ अशीच हवी, ती काळ्यात चालत नाही.

अनुदान मिळते का?

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या योजनेत प्रकल्पाच्या पात्र खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले आहे. बचत गटाच्या सदस्याला खेळते भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाचीही तरतूद आहे. राज्यात हे काम कृषी विभाग पाहतो. लेबल प्रिंटर तुमच्या प्रकल्प अहवालात बसतो का आणि सध्या अर्ज घेतात का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा, आणि ते प्रिंटरचे पैसे भरण्याआधी. आधी खरेदी करून नंतर अनुदान मागायला गेलेल्यांना बहुधा हात हलवत परत यावे लागते.

पैसे देण्याआधी शेवटचे काय बघायचे?

विक्रेत्याकडचे फुलांचे, फळांचे नमुने पाहू नका. ते छानच असतात. पेन ड्राइव्हमध्ये तुमचे स्वतःचे डिझाइन न्या आणि तुम्ही घेणार त्याच रोलवर पन्नास लेबले छापून मागा. छापण्याआधी आणि नंतर शाईची पातळी किती दिसते ते लिहून घ्या. पन्नास लेबलांत फरक कळण्याइतका दिसला नाही, तर दोनशेंचे पैसे मोजून छापा, तो खर्च वाया जात नाही. लेबले घरी आणून दोन बरण्यांना लावा. एक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढून घाम आल्यावर अंगठा घासा. दुसरीवर तेलाचा हात फिरवा आणि ती चार दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा. उरलेल्यांपैकी एक शेजारच्या किराणा दुकानात नेऊन बारकोड पहिल्याच फटक्यात वाचला जातो का ते बघा.